मागच्या डब्यातला माणूस

त्या दिवशी आम्हाला भिलाईला लग्नाला जायचं होतं. मी गेटपाशी उभी होते आणि हे नेहमीप्रमाणे आत. माझे यजमान वसंतराव घरातून कधीच माझ्या आधी बाहेर पडले नाहीत. आधी मी निघायचं, चपला घालून गेटपर्यंत जायचं. मग हे गॅस पाहणार, नळ पाहणार, मागचं दार ओढून पाहणार, आणि सगळ्यात शेवटी पुढच्या दाराची कडी लावून, कुलूप घालून, त्या कुलपाला एक हिसका देऊन येणार. त्या कडीच्या आवाजाची वाट पाहत शंकर नगरच्या आमच्या घराच्या गेटवर माझं अर्धं आयुष्य गेलं. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी ओरडले, "अवो, चला ना लवकर, का अक्षता पडल्यावर पोचाचं आहे?" कडी वाजली नाही... पुन्हा ओरडले. मग चिडून परत गेले. हे उंबरठ्याच्या आत, हातात उघडं कुलूप घेऊन, भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आतच सगळं झालं असेल.

तेरवी होऊन आता काही आठवडे झाले. ओळखीचे म्हणतात, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा. लिहिते. पण मी त्यांच्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. चिडले की माझ्या तोंडी आमची नागपुरी बोली येते, तीही गोड मानून घ्या. हा माणूस माझ्या मागं होता. मागून पुढं कसा निघून गेला, हे मले अजून समजलं नाही.

हे मालगाडीचे गार्ड होते. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील नागपूरला सगळ्यांना सांगत फिरले, जावई रेल्वेत आहे, पोरीला हिंडायला मिळेल. हिंडायला मिळालं ते ह्यांना, तेही शेवटच्या डब्यातून. मालगाडीच्या शेपटाला गार्डाचा डबा असतो. त्यात एकटा माणूस, एक पत्र्याची पेटी, लाल-हिरवी झेंडी आणि प्यायचं पाणी. काम काय, तर आपली गाडी मागून पाहत राहायची. कुठं चाक तापलं, धूर निघाला, काही लोंबतंय, हे मागूनच दिसतं म्हणे. सगळं ठीक असलं की हिरवी झेंडी दाखवायची आणि गाडी हलली की सगळ्यात शेवटी आपण चढायचं. गार्डाने दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. नोकरीत तो ठीक होता. त्यांनी तो घरी आणला, तिथं माझं डोकं फिरायचं.

कारण हा माणूस माझ्या बाजूनं कधी चाललाच नाही. तेलीबांधाच्या तलावावर संध्याकाळी फिरायला जायचो, तर मी पुढं आणि हे दहा पावलं मागं, हात पाठीशी बांधून. बाकीची जोडपी गप्पा मारत, भुट्टा खात चालायची. आमच्याकडे पाहून एका शेजारणीनं शेवटी मला विचारलंच, "दीदी, भैया नाराज हैं क्या?" मी तिला काय सांगणार! स्कूटरवर तेवढा त्यांचा नाइलाज होता, तिथं चालवणाऱ्यालाच पुढं बसावं लागतं. पण त्याचाही त्यांनी तोडगा काढला. दोन्ही आरसे असे वळवून ठेवले होते की मागचा ट्रक दिसो न दिसो, माझं तोंड बरोबर दिसावं. त्या आरशांपायी दोनदा धडक होता होता राहिली, आणि दोन्ही वेळा ह्यांनी समोरच्यालाच नियम शिकवले.

हे रिटायर झाल्यावर पल्लवीनं, आमच्या मुलीनं, आम्हाला व्हिएन्नाला बोलावलं. ती तिथं नोकरीला आहे. पोट्टी इकडं हिंदी मुलखात वाढलेली, तिला मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीच. "मम्मी, एक महीना आओ, आराम से घूमना." मी खरं सांगते, मला त्या देशाचं एवढं काही नव्हतं. मला वाटलं होतं, तिथं ओळखीचं कोणी नाही, गाडी नाही, झेंडी नाही. तिथं तरी हा माणूस चार पावलं माझ्या बाजूनं चालेल. तेवढ्यासाठी मी पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले, आणि जन्मात घातले नव्हते ते बूट घातले.

विमान उतरलं तिथूनच सुरुवात झाली. सगळे उठले, निघाले. हे बसलेले. "जाऊ दे सगळ्याईले," म्हणे. सगळं विमान रिकामं झालं, साफ करणाऱ्या बाया आत आल्या, आणि आमचे साहेब वाकून एकेका सीटखाली पाहत होते, कोणाचं काही राहिलं तर नाही. एका बाईनं हात जोडल्यासारखं करून दाराकडे दाखवलं, तेव्हा कुठं उठले. बाहेर पल्लवी रडकुंडीला आलेली. तिला वाटलं, आमचं विमान चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली. जाताना ह्यांच्या खिशात घराचा पत्ता, फोन, ट्रामचे पास, सगळं घालून दिलं. "लाल ट्राम में बैठना, बगीचे के सामने उतरना, बस." तिथली ट्राम म्हणजे रस्त्यावरून चालणारी छोटी रेल्वेच. रूळ पाहिले आणि ह्यांच्या अंगात जीव आला. मी पुढं जागा धरली. हे म्हणाले, "मागं चाल." शेवटच्या टोकाला, मागच्या काचेला नाक लावून आम्ही दोघं उभे. तो अख्खा देश मी असा पाहिला, माझ्यापासून दूर जाताना. चर्च येऊन गेलं की मला दिसायचं. एक पांढऱ्या घोड्यांची बग्गी गेली. मी "अवो, घोडे" म्हणेपर्यंत त्यांची शेपटंच राहिली. एवढे पैसे घालून काय पाहिलं, तर शेपटं. आणि ह्यांचं भलतंच चाललेलं. "याईच्या गाडीले मागं शेवटच्या डब्याची पाटी नाई, शोभा. पूर्ण गाडी आली का अर्धी मागंच राह्यली, स्टेशनवाल्याले कसं समजन?" मी म्हटलं, "तुम्ही उतरून सांगा त्याईले." हे खरंच विचार करायला लागले.

घरीही तेच. पल्लवीच्या घराचं दार आपोआप बंद होणारं. ह्यांचा त्याच्यावर विश्वासच बसेना. आम्ही खाली उतरायचो आणि हे परत वर जाऊन दार ढकलून पाहून यायचे. त्या दाराला कडी नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की जेवताना पल्लवीजवळ विषय काढला. ती म्हणाली, "पापा, यहाँ कोई नहीं आता." हे म्हणाले, "येत नाई म्हणून लावाची नाई का?"

आणि मग तो दिवस. बागेतून परत निघालो होतो. ट्रामच्या थांब्यावर चांगलीच गर्दी होती. ट्राम आली. मी चढले, मागं सरकून काचेपाशी उभी राहिले. हे खाली. एका म्हाताऱ्या बाईला हात दिला, एका आईची बाबागाडी चढवून दिली, आणखी कोणाला तरी "पहले आप" केलं. मी आतून खुणावून राहिले, या, या. सगळे चढले. आणि या माणसानं काय करावं? चार पावलं मागं सरकले, ट्राम पुढून मागपर्यंत नीट पाहून घेतली, आणि हात वर करून हलवला. जणू हातात झेंडी आहे! हात हलवला आणि मग चढायला निघाले. गाडी हळूच हलेल आणि आपण ऐटीत शेवटच्या डब्यात उडी मारू, अशी सवय. पण तिथली दारं ह्यांच्यासाठी थोडीच थांबणार? दारं मिटली. ट्राम सुटली.

मागच्या काचेतून मी पाहत होते. हे लहान लहान होत गेले. हात तसाच वर... माझ्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं. फोन त्यांच्याकडे, पत्ता त्यांच्याकडे, पास त्यांच्याकडे. रेल्वेतल्या माणसाची बायको, परदेशात विनातिकीट. भाषा येत नाही. गाडीत एवढी माणसं आणि माझं कोणी नाही, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. ह्यांच्या दहा पावलांवर मी जन्मभर चिडले, पण मागं वळून पाहिलं आणि ते नाहीत, असं कधी झालंच नव्हतं.

पुढच्या थांब्यावर उतरले. आधी वाटलं, हे मागच्या ट्रामनं येतील. ती ट्राम आली, हे नाहीत. आणखी एक आली, नाहीत. मग माझा पारा चढला. भीती गेली आणि नुसता संताप राहिला. रूळ तर तेच होते. त्यांच्या कडेकडेनं, फुटपाथ धरून, ते नवे बूट फरफटत मी उलटी चालत निघाले. रस्ता ओलांडताना कोणी हॉर्न दिला, त्याला मी नागपुरीत चांगलं ऐकवलं. माझा डावा गुडघा तेव्हाही कुरकुरायचा, पण मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

हे तिथंच उभे. त्याच जागेवर, हलले नव्हते. मला पाहून चेहरा असा खुलला की माझं आणखीच डोकं सटकलं. मी म्हटलं, "तुम्ही काहून नाई आले? मागून गाड्याच गाड्या येऊन राहिल्या होत्या!" हे म्हणाले, "गाडी तुटली की मागच्यानं जागा सोडाची नस्ते, शोभा." आणि भर रस्त्यात मला रेल्वेचा नियम समजावला. चालत्या गाडीची जोडणी तुटून दोन तुकडे झाले, तर पुढचा तुकडा इंजिनासोबत निघून जातो. मागचा, गार्डासकट, आहे तिथंच थांबतो. तो हलला तर गोंधळ. इंजिन परत येतं, हळूहळू येतं, पण येतं, आणि जोडून नेतं. "मी निघालो असतो आन् तू परत आली असती, तं? दोघंबी हुकलो असतो." मी म्हटलं, "आन् मी आलीच नसती तं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी येड्यासारखं विचारलं. "तू काहून येणार नाई?"

रात्री जेवताना पल्लवीला हे म्हणाले, "हिचा डावा गुडघा दाखवून घे कोणाले. मागून पाहतो तं पाय ओढून चालते." मी कोणाला सांगितलं नव्हतं ते. मला एकदम भरून आलं, आणि त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी बागेत मी हट्टच धरला, आज बाजूनं चाला. चालले. माझा हातही धरला. पण दर दोन पावलांनी मान वळवून मागं पाहायचे, रिकाम्या रस्त्याकडे, आणि अडखळायचे. शेवटी मीच हात सोडला. म्हटलं, "जा बापा, राहा मागं." सुटल्यासारखे मागं गेले. उरलेले दिवस आम्ही तसेच हिंडलो, मी पुढं, हे मागं, आणि खरं सांगते, त्या देशात नंतर मला कशाची भीती वाटली नाही.

ह्यांच्या तेरवीला आलेली पल्लवी सगळं आटोपून परत गेली. रोज फोन करते. "मम्मी, अकेले क्या करोगी वहाँ? मैं टिकट करवा देती हूँ, हमेशा के लिए आ जाओ." तिचं चूक नाही. मी नाही म्हणते, तेव्हा तिला वाटतं मी घरासाठी, सामानासाठी अडून बसले आहे. परवा तर रडली पोट्टी. म्हणाली, "मम्मी, पापा वापस नहीं आएँगे." तिला म्हटलं, हव, मले समजते. फोन ठेवला. संध्याकाळ झाली होती, मी सवयीनं चपला घालून गेटपाशी जाऊन उभी राहिले. कुठंच जायचं नव्हतं. मागं दार उघडंच होतं.

अवो, नियम तुमचाच होता ना? मी तं आली होती. त्या परमुलखात, दुखऱ्या गुडघ्यानं, रुळाच्या कडेकडेनं आली होती का नाई? आता पुढं तुम्ही गेले, मागं मी राह्यली. पल्लवी कितीबी रडली तरी मी जागा सोडणार नाई. इथंच आहो, गेटपाशी. कडी लावाची राह्यली आहे तुमची.