सँपलचं नाक

देवानं सृष्टी घडवली त्या आठवड्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका ड्यूटीवर असते, तर निम्मी सृष्टी रिजेक्ट होऊन परत गेली असती. चंद्र तर नक्कीच. एवढ्या खड्ड्यांचा माल त्यांनी गेटच्या आत घेतलाच नसता. चाकणच्या एका कंपनीत चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांचे सुटे भाग तपासले. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तपासणं काही थांबलेलं नाही, फक्त माल बदललाय. मी तळवड्याच्या या सोसायटीत राहायला आले तेव्हा शेजारधर्म म्हणून हे चहाला आले आणि चहा निवेपर्यंत खिशातून ओळंबा काढून माझ्या हॉलची भिंत तपासून मोकळे झाले. "ताई, वरच्या अंगाला चार मिलीमीटर झुकलीय. पडायची न्हाई, ऱ्हावा बिनधास्त. माहीत असावं म्हणून सांगितलं." तेव्हापासून मला ती भिंत एकदाही सरळ दिसलेली नाही.

काका आपल्या भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर बाकी मंडळी मुलाचा पगार विचारत होती आणि हे दाराबाहेर उकिडवे बसून त्याच्या बुटांचे तळवे बघत होते. "डावा बूट बाहेरून जास्त झिजलाय. गुडघ्यात काहीतरी हाय," असं त्यांनी पोहे खाता खाता जाहीर केलं, आणि मुलगा खरोखरच दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलेला निघाला. लग्न झालं, दोघं सुखात आहेत, पण तो जावई अजूनही काकांकडे येताना बूट घालून येत नाही. मी ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, त्यावरही त्यांचं मत तयार आहे: "तुमच्याकडची पोरं हुशार असत्यात, फक्त मापायचं व्हर्नियर उलटं धरत्यात." मी चिडते. पण दोघं-तिघं धरतात हे मला माहीत असल्यामुळे फार चिडता येत नाही.

अशा माणसाच्या घरात मांजराचं पिल्लू आलं. त्याची आई आमच्या गेटसमोर एका टेम्पोखाली गेली आणि हे एवढंसं पोर नाल्याच्या कडेला ओरडत राहिलं. काकांना मांजरं आवडत नाहीत असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत, आणि सांगता सांगताच रुमालात गुंडाळून घेऊन आले. काकूंनी लगेच तिचं नाव मनी ठेवलं. काका म्हणाले, "आधी पास होऊ दे, मग नाव," आणि तोवर म्हणून तिला 'सँपल' म्हणू लागले. तेच टिकलं. ती पुन्हा रस्त्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी भंगारातली जाळी आणून पिंजरा बनवला, दोन दिवस फाईल मारून त्याच्या कडा गुळगुळीत केल्या आणि तो हॉलमध्ये दाराजवळ ठेवला. काका घरात असले की सँपल त्यांच्या मांडीवर, बाहेर गेले की पिंजऱ्यात, असा कडक नियम झाला.

आठवड्याभरात तिच्या नाकाच्या शेंड्यावर मुगाएवढी जखम दिसली. मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि काकांनी नवी वही उघडली. सकाळ-संध्याकाळ व्हर्नियर जवळ धरून जखमेचं माप. मलम लावल्यापासून ते चाटून फस्त होईपर्यंत अकरा सेकंद. मग मलम लावलं की लगेच मासळीचा तुकडा पुढे करायची युक्ती, त्यानं चाळीस सेकंद मिळाले. कुणी हळद सुचवली, कुणी खोबरेल तेल, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दृष्ट काढून दिली. काकांनी दृष्टीला हरकत घेतली नाही, बाकी सगळं नाकारलं. इतकं करून व्हायचं काय, तर खपली धरायची आणि दुसऱ्या दिवशी खपली गायब, नाक पुन्हा लालबुंद. असे पाच आठवडे गेले.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून पंधरा दिवसांत भरलं नाही तर भूल देऊन तुकडा काढून तपासावा लागेल. एवढ्याशा जिवाला भूल म्हणजे थोडी जोखीम असतेच. कुठे घासतंय का, ते बघा आधी." काकांना हे फार लागलं. स्वतःच्या हातानं फाईल मारलेल्या पिंजऱ्यात पिल्लू घासेलच कसं? पण त्या संध्याकाळी ते वही घेऊन माझ्याकडे आले. "भूल द्यायची म्हणायल्यात. ताई, तुम्ही शिकलेल्या. माझं कुठं चुकायलंय, बघा बरं." हा माणूस दुसऱ्याला असं विचारताना मी पहिल्यांदा पाहिला. मी वही नीट वाचली. पानोपानी एकच शेरा होता: सँपल शांत.

"काका, या सगळ्या नोंदी तुम्ही समोर असतानाच्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही नसताना ती काय करते?"

काकांनी वही मिटली. कारण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तपासणारा मशीनजवळ उभा असला की माल झकास निघतो. खरं काय चाललंय ते बघायचं तर खांबाआड उभं राहावं लागतं. कंपनीत ते जन्मभर खांबाआड उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घेऊन "येतो गं" असं नको तितक्या मोठ्यानं म्हणत ते बाहेर पडले, रिकामी लिफ्ट खाली पाठवून दिली आणि चपला हातात घेऊन माझ्या दाराआड येऊन उभे राहिले. चौसष्ट वर्षांचा माणूस, एक डोळा फटीला लावलेला. मी हसू दाबत मागे. समोरच्या जाळीच्या दारातून पिंजरा स्वच्छ दिसत होता. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तशी सँपल उठली, पिंजऱ्याच्या दाराकडच्या बाजूला आली, जाळीच्या भोकात नाक घातलं आणि ढकलू लागली. ओरडली नाही. नुसती ढकलत राहिली. खपली निघाली, रक्ताचा थेंब आला, तरी तिचं चालूच. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. काका अनवाणीच घरात शिरले.

काकू मेथी निवडत बसल्या होत्या. "दिसलं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "तुम्ही गेलात की हेच करती. मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणलात, ऐकीव माहिती वहीत घेत नसतेत."

काका पिंजऱ्याचं दार उघडत होते.

"मीबी उभी ऱ्हायचे," काकू म्हणाल्या. "पोरं लहान होती, तुमची सेकंड शिफ्ट असायची. गल्लीच्या तोंडाला कंपनीची बस वळेपर्यंत जाळीच्या दाराला नाक लावून. एकदा तरी मागं वळून बघाल म्हणून. तीबी ऐकीवच माहिती."

मी तिथून निघून यायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. काका पिल्लू छातीशी धरून उभे होते. मग ते खाली बसले आणि मेथीची एक जुडी पुढे ओढली. त्यांनी निवडलेली मेथी काकूंनी पुन्हा निवडली असणार, पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

पिंजरा भंगारात गेला. खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि सँपल घरभर मोकळी फिरू लागली. पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत नाक भरलं, भूल द्यावी लागली नाही. शेंड्यावर बिनकेसांचा एक ठिपका तेवढा राहिला. काकांनी तो पास केला.

आता सकाळी काका दुधाला निघाले की काकू पिल्लाला कडेवर घेऊन खिडकीत येतात. काका गेटपाशी वळून वर बघतात आणि हात करतात. मग पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा वळतात. मग कोपऱ्यावर. दुधाची डेअरी दोनशे पावलांवर आहे, पण त्यांना पोचायला अलीकडे बराच वेळ लागतो.