तुले म्हणून सांगतो

खामगावबाहेरच्या माळावर जे विद्यापीठ आहे, त्याच्या देखभाल विभागात दोन गोष्टी कधीच बंद पडल्या नाहीत. एक, मागच्या टाकीची गळती आणि दुसरी, सिंधूताईंचं तोंड. गळतीवर निदान उपाय तरी चालू होते.

देखभाल विभाग म्हणजे विद्यापीठाचे नळ, दिवे, जिने आणि झाडलोट सांभाळणारी मंडळी. सिंधूताई झाडलोटीला. माहेर वरवट बकालचं, सासर खामगावचं. नवरा इंद्रभान कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं काम सुटून घरी बसलेला आणि मुलखाचा अबोल. त्या घरात बोलण्याचं सगळं काम पहिल्यापासून एकट्या सिंधूताईंच्या अंगावर पडलं होतं आणि त्यांनी ते कधी अर्धवट टाकलं नाही. खराटा घेऊन त्या सगळ्या मजल्यांवर फिरत, सगळ्या केबिनी पुसत, त्यामुळे विभागात काय झालं आणि काय होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसे.

बातमी सांगायची त्यांची एक रीत होती. चारचौघांत त्या कधी बोलत नसत. माणसाला बाजूला घ्यायचं, खराटा भिंतीला टेकवायचा, पदर तोंडाशी न्यायचा आणि म्हणायचं, "तुले म्हणून सांगतो, कोणाले सांगू नको." एवढं म्हटलं की बातमीला पाय फुटलेच म्हणून समजा. तीच गोष्ट मोठ्यानं सांगितली असती तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. माणसाची जातच तशी. ताटात वाढलेलं उरवतो आणि झाकून ठेवलेलं चोरून खातो.

विहारात पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी सिंधूताईंचा आवाज जरा चढतच असे. कारण आपण खोटं बोलत नाही याची त्यांना खात्री होती. कोणी छेडलंच तर म्हणायच्या, "म्या खरंच बोलतो बाई. जरासं लवकर बोलतो, एवढंच."

हे लवकर बोलणं एकदा फार लवकर झालं.

त्या दिवशी त्या मंजुश्री मॅडमच्या केबिनची काच पुसत होत्या. मॅडम विभागाच्या मुख्य. पुण्याच्या, वयानं लहान, शिस्तीला कडक. मॅडम फोनवर म्हणाल्या, "मेहकरच्या केंद्रावर आपला एक माणूस पाठवावा लागेल." बस्स, एवढंच. माणसाचं नाव नाही, आडनाव नाही. पण सिंधूताईंचं डोकं काय गप्प बसतं? जानराव वायरमनची सासुरवाडी मेहकरची. मेहकरला माणूस जाणार, जानरावची सासू तिथं, मग अजून काय पुरावा पाहिजे? काच पुसून होईपर्यंत नाव जोडून झालं होतं. दुपारच्या चहाला ही बातमी जानरावच्या कानावर आली ती चांगली पक्की होऊनच.

जानराव भोळा आणि घाईचा. मित्रांनी त्याचा निरोप समारंभ केला, शाल आणि श्रीफळ दिलं. भाषणं झाली. पंपहाऊसवरचा उकंडराव तर बोलता बोलता ढसाढसा रडला. जानरावनं भाड्याची खोली सोडली, बायकोला आणि सामानाला एसटीनं मेहकरला पाठवलं आणि तो हुकमाची वाट पाहत बसला. हुकूम आला. उकंडरावच्या नावानं आला.

उकंडराव मेहकरला गेला. जानराव इथंच राहिला. खोलीमालकानं तोवर दुसरा भाडेकरू ठेवला होता. बायको तिकडे, जानराव इकडे. बिचारा स्टोअररूममध्ये तारांच्या भेंडोळ्यांशेजारी झोपू लागला, तीच निरोपाची शाल पांघरून. नारळ मात्र त्यानं फोडला नाही. फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवून दिला. सिंधूताई झाडायला आल्या की तो त्या नारळाकडे बघे आणि तोंड फिरवी.

मॅडमनी सिंधूताईंना बोलावलं. "माझ्या केबिनमधला एक शब्द जरी बाहेर गेला ना सिंधूताई, तर उकंडरावांच्या जागी पंपहाऊसला तुम्ही."

पंपहाऊस माळाच्या पार टोकाला. तिथं एक मोटर, एक विहीर आणि चार साळुंक्या. माणसांशिवाय सिंधूताई कशा जगणार? "नाई जात शब्द," त्या म्हणाल्या. "म्या जबान देतो तुमाले."

आणि सिंधूताईंनी जबान पाळली! खराटा चालायचा, तोंड नाही. पहिले दोन दिवस लोकांना वाटलं दाढ दुखते. मग वाटलं घरी काही झालं. गोजरबाई कॅन्टीन चालवायची आणि सिंधूताईंच्या बातम्यांवर तिचा अर्धा चहा खपायचा. ती काकुळतीला आली. "काऊन वो, कायी सांगून नाई राह्यली? गिऱ्हाईक बसतच नाई माह्याकडं."

सिंधूताई नुसत्या मान हलवायच्या. खरं सांगायचं तर नुसती जबानच नव्हती ती, त्या रुसल्याही होत्या. इतकी वर्षं विभागाची सेवा केली आणि एका चुकीवरून तोंड बांधलं! बसा आता अंधारात, असं त्यांच्या मनात होतंच.

अशातच जिन्याचं निघालं. कार्यालयाच्या मागच्या अंगाला एक लोखंडी जिना होता, वरच्या मजल्यावरून थेट कॅन्टीनपाशी उतरणारा. पुढच्या जिन्यानं गेलं तर कुलसचिवांच्या दारावरून जावं लागे, आणि कामाच्या वेळी चहाला जाणाऱ्या माणसाला ते कसं परवडावं? त्यामुळे सगळी वर्दळ मागच्या जिन्यावर. तपासणीला आलेल्या माणसानं मॅडमना केबिनमध्ये सांगितलं की जिन्याचे बोल्ट गंजून गेलेत, कधी सुटतील नेम नाही. सिंधूताई तेव्हा टेबल पुसत होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "म्या कायी ऐकलंच नाई," सिंधूताई म्हणाल्या.

मॅडमनी लगेच वेल्डरला निरोप धाडला आणि फलकावर सूचना लावली. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर जिना वापरास अयोग्य असून..." आता, ज्या कागदाची सुरुवात 'सर्व संबंधितांस' अशी होते, तो वाचणारा संबंधित अजून जन्माला यायचा आहे. जिन्याला लाल-पांढरी पट्टी बांधली, ती माळ्यानं सोडून दोडक्याच्या वेलाला बांधली. मग मॅडमनी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. त्यावर हात जोडलेली चित्रं आली, गुलाबाची फुलं आली. एकानं न वाचताच 'अभिनंदन मॅडम' लिहिलं, ते पाहून पाठच्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि अभिनंदन करून मंडळी मागच्या जिन्यानं चहाला गेली.

सिंधूताई हे सगळं खालून पाहत होत्या. रुसवा होता तोवर गंमत वाटली. पण तो जिना पावलागणिक कुरकुरत होता, आणि वर जाणारी-येणारी एकूण एक माणसं त्यांच्या ओळखीची होती. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, कोणाची आई दवाखान्यात. रुसवा कुठल्या कुठं गेला आणि त्यांना भीती वाटायला लागली. बोलावं तर पंपहाऊस, न बोलावं तर हे. शेवटी त्यांनी खराटा आडवा ठेवला आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसल्या. तोंड गच्च मिटलेलं.

त्याचा परिणाम भलताच झाला. सिंधूताईंना गप्प बसलेलं पाहून गोजरबाई ओरडली, "अगं माय! सिंधूताई उपोषणाले बसली!" झालं. इतक्या दिवसांची बातम्यांची उपासमार, त्यात ही बातमी. वरचा सगळा मजला उपोषण बघायला धावला. आणि बघणार कुठून? जिन्यावरूनच की! पायरी पायरीवर माणसं उभी राहिली. एकानं मोबाईल काढला, दुसऱ्यानं "सिंधूताई तुम आगे बढो" म्हणून घोषणा दिली. जिना असा कण्हला की सिंधूताईंच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात मॅडम धावत आल्या. "उतरा! खाली उतरा सगळे!" पण जिन्यावरच्या लोकांना वाटलं, मॅडम उपोषण मोडायला आल्या. मंडळी आणखी घट्ट उभी राहिली.

सिंधूताईंनी मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, बोलू का?"

"अहो बोला!" मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "देवासाठी बोला!"

सिंधूताई ओरडल्या नाहीत. त्या उठल्या, गोजरबाईला बाजूला घेतलं, पदर तोंडाशी नेला. "गोजरे, तुले म्हणून सांगतो, कोणाले सांगू नको. हा जिना सडेल हाय. मॅडमच्या केबिनीत ऐकलं."

गोजरबाईनं पहिल्या पायरीवरच्या माणसाला सांगितलं, कोणाला सांगू नको म्हणून. त्यानं वरच्याला. कुजबुज सरसर वर चढली आणि माणसं सरसर निघाली. खालची खाली, वरची आत. बातमी वर पोचेपर्यंत तिच्यात जिना एकदा पडूनही गेला होता आणि दोघं दवाखान्यात होते, पण ते असो. बघता बघता जिना रिकामा झाला. मॅडम तोंडाचा आ करून बघत राहिल्या.

रिकामा, म्हणजे एक माणूस सोडून. अगदी वरच्या टप्प्यावर जानराव दिव्याचा होल्डर बसवत होता.

"जानराव, आत व्हा!" मॅडम ओरडल्या. "जिना धोक्याचा आहे!"

"कोन सांगतलं?" जानरावनं वरूनच विचारलं.

"सिंधूताईनं!" गोजरबाई म्हणाली.

"सिंधूताईनं सांगतलं? मंग जिना पक्का हाय," जानराव म्हणाला आणि पेच आवळू लागला. "मॅडम, तुमी नव्या हा. ह्या बाईचं ऐकून म्या घर खाली केलं. दोन पेच राह्यले, आवयतो अन् येतो."

टप्प्याखालून कडकन आवाज झाला. हा पोरगा आपल्यामुळे वर उभा आहे, हे सिंधूताईंना लख्ख कळलं. आपलं ऐकून एकदा फसला, म्हणून आता आपलं ऐकत नाही, आणि त्यापायी मरेल. त्या पुढं आल्या. पदर बाजूला केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांदेखत, मोठ्यानं बोलल्या.

"जानराव! तुही बदली म्या ऐकली नव्हती रे! मॅडम निस्तं 'एक मानूस' म्हने. नाव म्या जोडलं, मनानंच. तुही बायको एसटीत बसून रडली, ते पाह्यलं म्या, अन् तरी गप्प राह्यलो. माह्यं चुकलं, बाप्पा! पन हे जिन्याचं जोडेल नाई. हे माह्या कानानं ऐकेल हाय. आत हो!"

सिंधूताईंनी आपली बातमी मागं घेतली, असं या विभागात कधी झालंच नव्हतं. जानरावनं एकदा खाली पाहिलं, पेचकस खिशात घातला आणि मुकाट्यानं दारातून आत गेला. हत्यारांची पिशवी मात्र टप्प्यावर राहिली. ती उचलायला तो वळला, तेवढ्यात पत्रा वाकला, आणि पिशवी वरच्या दोन पायऱ्यांना घेऊन धाडकन खाली आली. गोजरबाईनं किंकाळी फोडली. सिंधूताई खालीच बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

पंपहाऊसचं नाव मग कोणी काढलं नाही. मॅडम सूचना अजूनही फलकावर लावतात, नियम आहे म्हणून. पण त्याआधी सिंधूताईंना आत बोलावतात, दार लोटतात आणि आवाज खाली करून, पुण्याच्या शुद्ध मराठीत म्हणतात, "तुम्हाला म्हणून सांगते हं." चहाच्या वेळेपर्यंत ती सूचना सगळ्यांच्या कानात असते; हल्ली वीज बंद न करता कोणी तारेला हात लावत नाही.

जानरावला खोली सिंधूताईंनीच पाहून दिली. गावात कोणाची खोली रिकामी होणार हे मालकाच्याही आधी त्यांना कळतं. बायको परत आली. नवा जिना उभा राहिला त्या दिवशी जानरावनं फळीवरचा तो निरोपाचा नारळ आणला आणि पहिल्या पायरीवर फोडला. आतलं पाणी कधीच आटलं होतं, गोटा झाला होता. पहिला तुकडा त्यानं सिंधूताईंपुढं धरला.

"घ्या. तुमचाच हाय."

सिंधूताईंनी तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग इकडं तिकडं पाहिलं, खराटा नव्या जिन्याला टेकवला आणि पदर तोंडाशी नेला.

"जानराव, तुले म्हणून सांगतो..."

जानरावनं दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकले. डोळेही मिटून घेतले. थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग हळूच एका कानावरचा हात काढला.