ओळीवरचे बोट

१९८६च्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीजवळच्या एका गावातील मशीद कमिटीने इमाम हाफिज करामत यांना काढून टाकले. गावात कुणाला वाईट वाटले नाही. त्या भागातील वार्ताहर म्हणून मी त्यांना ओळखत होतो. प्रश्न विचारला की ते किताब उघडत आणि ओळीवर बोट ठेवत. "माह्यं काई नाई. लिहलं आहे तेवढं सांगून राह्यलो."

त्या मार्चमध्ये गावातल्या जुबेदाचा नवरा वारला. विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचे, ही इद्दत. मे महिन्यात ती तेंदूपत्ता तोडायला निघाली. हाफिजजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले.

"इद्दतीत आहेस. परत फिर."

"मंग लेकरं तुमच्या घरी जेवाले पाठवू का?"

पोटासाठी दिवसा बाहेर पडता येते, असा अर्थ काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, लावतात, असे एका म्हाताऱ्याने सुचवले. "अर्थ लावणारे लय झाले," हाफिजजी म्हणाले. जुबेदा गेली. त्यांनी तिचा सलाम घेणे बंद केले.

कमिटीचे अध्यक्ष रज्जाक सेठ आरागिरणीचे मालक. जुम्म्याच्या नमाजनंतर ते सर्वांदेखत म्हणाले, "ते बाई तेंदूपत्ता मोजणाऱ्या मुन्शीसंगं जंगलात राह्यते. वाळीत टाका."

"डोळ्यानं पाहणारे चार जण आणा."

"असं कोणी चार जणाईले बोलावून करते का, हाफिजजी?" लोक हसले.

हाफिजजींनी ओळीवर बोट ठेवले. चार साक्षीदार न आणता बाईवर आळ घेणाऱ्याची साक्ष कधीच मानू नये. जुबेदाला वाळीत टाकता आले नाही.

एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी आभाळ भरले होते. अशा वेळी ईदच्या चंद्राला दोन साक्षी लागतात. ढगांच्या फटीतून चंद्र दिसल्याचे दोघांनीच सांगितले: सेठ आणि त्यांचा भाऊ. हाफिजजींनी भावाची साक्ष घेतली, सेठची नाकारली.

"त्या आळाची मी तौबा केली ना!"

"तौबा अल्लाच्या हाती. गवाही माह्या हाती. कधीच म्हणजे कधीच."

शेजारच्या गावात ईद झाली. इथे जूनच्या उन्हात तिसावा रोजा धरावा लागला. शिरखुर्म्याचे दूध नासले. मशिदीच्या दारात सेठच्या माणसांनी हाफिजजींची ट्रंक फेकली.

बस स्टँडवर जुबेदा डबा घेऊन आली.

"माह्यासाठी केलं का, हाफिजजी?"

"तुह्यासाठी काऊन करू? घरी जा. इद्दत सरली नाई."

त्यांनी डबा घेतला नाही. बस वरोऱ्याकडे सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुबेदा कामावर होती.