वाक्यदुरुस्तीतलं सगळं बरोबर

अमरावतीत एसटी स्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर मी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे काय, चुकीची वाक्यं दाखवते आणि कुठं चुकलं ते विचारते. चार पर्याय, त्यातला एक बरोबर. भाषा अशी शिकवतात का, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं, कारण उत्तर मलाही माहीत आहे.

आमच्याकडच्या पोरांचा घात होतो तो एका ठरावीक जागी. ‘सायकलवरून कॉलेजला जाताना म्हैस आडवी आली’ असं आपण मराठीत बिनधास्त म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. हेच इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं की म्हैसच सायकलवर बसते. तिथं ‘जाताना’च्या लगेच पुढं जो येईल तोच जाणारा. मी फळ्यावर हात आपटून सांगते, आधी माणूस आणून बसवा, मग म्हैस येऊ द्या.

“पण मॅडम, म्हैस सायकल चालवत नाई हे कोणालेही समजते ना,” मागच्या बाकावरून एक जण म्हणाली. वर्ग हसला.

“समजून घेणारं तिथं कोणी नसतं. मशीन तपासते,” मी फटकारलं.

ती वलगावहून यायची. वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी. वडिलांना लकवा झाला, आई लोकांच्या वावरात निंदणाला जायची, म्हणून दोन वर्षं हिनंच घरी राहून त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर पुस्तकं उघडली. लिपिकाच्या भरतीची वयाची अट तोंडाशी आली होती. ही एवढी परीक्षा, मग फॉर्मच भरता येणार नव्हता. बाकी विषय पक्के होते. मार खायची ती इंग्रजीत, त्यातही याच प्रश्नांत.

मी हट्टाला पेटले. वर्ग सुटल्यावर तिला थांबवायची आणि तिच्याच घरातली वाक्यं घ्यायची. ‘कुकर लावताना बाबांनी हाक मारली.’ कुकर कोणी लावला?

“मी.”

“मग या वाक्यात तू कुठं आहेस?”

ती स्वतःला उचलून वाक्यात नीट जागेवर ठेवायची. हळूहळू इतकी तयार झाली की सराव पेपरातल्या माझ्याच चुका काढू लागली. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं. बडनेऱ्याहून गाडी पकडून गेली आणि पेपर देऊन बाहेर पडल्या पडल्या तिचा फोन आला. “मॅडम, वाक्यदुरुस्तीतलं सगळं बरोबर हाय. एकही नाई चुकलं.” तो आनंद मला सहन होईना. मी एकटीपुरता शिरा केला.

पेपर फुटला होता. आमच्या धंद्यात ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, फेरपरीक्षा होते, पोरं शिव्या देतात आणि पुन्हा बसतात. पण या वेळी अख्खी जाहिरातच रद्द झाली. नवी निघाली तेव्हा वयही नव्या तारखेनुसार मोजलं आणि ती बाहेर पडली. पेपर फोडणाऱ्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. हिचं काय झालं ते मात्र मी रोज बघत होते, कारण ती येतच राहिली. तीच वेळ, तोच बाक.

“घरी सांगितलंस?” मी विचारलं.

“नाई. आईले सांगू नका मॅडम. ते बाबाच्या दोन सालाचा हिशोब लावत बसन. म्हणन, माह्याच्यानंच झालं.”

मी मान हलवली. नव्या मुलींना समजवायचं काम तिच्याकडे दिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

दिवाळीनंतर तिची आई आली. चपला काढून दाराशी उभी राहिली. आत लेक फळ्यापाशी बोलत होती, मुली लिहून घेत होत्या.

“बराबर सांगून राहिली का?” त्यांनी हळूच विचारलं.

“अगदी बरोबर, काकू. माझ्यापेक्षा चांगलं सांगते.”

“मंग नोकरी काहून नाई लागत तिले?”

मी पेपर फुटल्याचं सांगितलं, जाहिरात रद्द झाल्याचं सांगितलं. वयाचं तेवढं गिळलं.

“नवी निघाली म्हणतात गावातले पोरं. तिनं फारम नाई भरला.” त्या लेकीकडे बघत होत्या. “वय गेलं ना तिचं?”

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. “थोडक्यात गेलं, काकू.”

“दोन सालाच्या आतच ना?”

आत तिनं काहीतरी सांगितलं आणि मुली हसल्या. काकूंनी पदर तोंडावर दाबून धरला, तशाच वाकून चपला पायात घातल्या.

“मले समजलं, हे तिले सांगू नका, म्याडम,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.