मागची सीट

माझी जुनी मोटरसायकल मुद्दाम जुन्या वळणाची बनवलेली होती. आतून सगळं नवं आणि वरून म्हातारी. गोल टाकी, गोल दिवा, डुगडुग आवाज आणि दोन माणसं ऐसपैस बसून वर एक गाठोडं मावेल एवढी सीट. देवगोईचा घाट चढायला लागलो की दोन वळणं आधीच लोकांना कळायचं, मास्तर आले. लगेच रस्त्याच्या कडेने हात पुढे यायचे.

मी मोलगीकडच्या एका पाड्यावर शिक्षक आहे आणि अक्कलकुव्यात भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. बायको आणि मुलगी नाशिकला असतात. मुलीच्या दहावीसाठी म्हणून दोघी गेल्या, दोनच वर्षं म्हणून. आता ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बायकोने तिकडे शिवणाचा क्लास काढलाय, तो चांगला चालतो. भांडण नाही, तंटा नाही. फक्त परत येण्याचा विषय आम्ही कोणी काढत नाही.

घाटाच्या रस्त्यावर एक रिवाज आहे. कुणी हात दाखवला आणि तुमची मागची सीट रिकामी असली, तर थांबायचं. बसणारा कुठे जायचंय ते सांगत नाही, आपण विचारायचं नाही. त्याचा पाडा आला की तो खांद्यावर दोनदा थाप मारतो, आपण गाडी कडेला घ्यायची. उतरताना कुणी हँडलला सीताफळांची पिशवी अडकवून जातो, कुणी ओंजळभर आमचूर देतो, कुणी काहीच देत नाही. या रस्त्यावर मी अकरा वर्षं माणसं वाहिली. कोंबड्यांसकट वाहिली, पावसात भिजलेल्या घोंगड्यांसकट वाहिली.

त्याचा मला त्रास नव्हता. त्रास होता तो प्रश्नाचा. पहिलं वळण घेतो न घेतो तोच मागून यायचा, "गुरजी, घरवाली आली का?" त्यांच्याकडे एकटा राहून स्वतःची भाकर स्वतः थापणारा माणूस म्हणजे नवलच. एक म्हातारबाबा तर बाजाराच्या दिवशी हमखास भेटायचे आणि हमखास विचारायचे. मी म्हणायचो, "येईल." ते म्हणायचे, "येईल, येईल," आणि माझी समजूत काढल्यासारखी पाठ थोपटायचे. त्या थोपटण्याची मला चीड यायची. मी काय आजारी आहे?

शेवटी एका रविवारी नंदुरबारला गेलो आणि जुनी देऊन नवी घेतली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! रेसची वाटावी अशी, पुढे वाकून चालवायची, काळी-निळी. मागची सीट तळहाताएवढी आणि माळ्यावर ठेवल्यासारखी उंच. शोरूमवाला प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, आधीच सांगस, मांगे बसाले हिले काही खास जागा नही शे."

"म्हणूनच घेतोय," मी म्हणालो. तो हसला. मी गंमत केली असं त्याला वाटलं.

नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीबरोबर माझा फोटो काढला. तो नाशिकला पाठवला. मुलीने "पप्पा, भारी!" असं लिहिलं आणि बायकोने अंगठा दाखवला. पेढ्यांचा पुडा मी शोरूममध्येच वाटून टाकला, खोलीवर नेऊन खाणार कोण?

पहिला आठवडा मजेत गेला. काळ्या काचेच्या हेल्मेटमध्ये मास्तर कुणाला ओळखू येईना. गाडीचा आवाज ऐकला की उलट लोकच दोन पावलं मागे सरायचे. हात पुढे येणं बंद झालं. सुंठीवाचून खोकला गेला, म्हटलं. शाळेत पंधरा मिनिटं आधी पोचायला लागलो आणि कुलूप उघडून रिकाम्या वर्गात बसायला लागलो.

दुसऱ्या महिन्यात मी हेल्मेटमध्ये स्वतःशी बोलतोय, हे माझ्या लक्षात आलं. "आज भाजी काय करायची? वांगी आहेत. कालही वांगीच होती." असलं काहीतरी. मग आणखी एक गोष्ट कळली आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. शाळेत मुलं पाया पडतात, तेवढी सोडली, तर दिवसभरात मला हात लावणारी माणसं फक्त मागच्या सीटवरची होती. मी त्यांना पोचवतो अशा तोऱ्यात अकरा वर्षं होतो. खरं तर मीच त्यांच्या सोबतीने घरी पोचत होतो.

बाजाराच्या दिवशी मी म्हातारबाबांजवळ गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि "बसा" म्हणालो. ते कसेबसे चढले. गुडघे पार छातीशी आले. दोन वळणं मी जीव मुठीत धरून हळू चालवली. तिसऱ्याला खांद्यावर थाप पडली. त्यांचा पाडा अजून लांब होता. उतरले, धोतर सारखं केलं आणि फार नम्रपणे म्हणाले, "गुरजी, तुम्ही जा. मी जीपमध्ये येतो." घरवालीचं काहीच विचारलं नाही. मी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते नेहमीपेक्षा खरं होतं.

त्यानंतरच्या बाजाराला मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शाळा सुटल्यावर घाटात एका वळणावर गाडी उभी केली, चावी काढली आणि जीपची वाट बघत उभा राहिलो. खाली जाणारी जीप आली. खच्चून भरलेली. सगळे ओळखीचे चेहरे, म्हातारबाबाही होते. जीपवाला शहाद्याकडचा, म्हणजे माझ्याच गावाकडचा. त्याने मान बाहेर काढली. "काय व्हयनं सर?"

"बंद पडनी," मी म्हणालो. सरळ खोटं बोललो.

आत एकदम हालचाल झाली. कुणी मांडी आवरली, एका बाईने कोंबड्यांची टोपली उचलून कडेवर घेतली आणि वीतभर फळी मोकळी झाली. ती जागा माझी होती. गाडी रात्रभर तिथे राहिली तर तिचं काय होईल, याचा विचारही माझ्या मनात नव्हता. मी पाय वर टाकला.

"थांबा, थांबा," जीपवाला म्हणाला. "नवी गाडी अशी घाटमा सोडी द्यावानी का?" बंद पडलेली गाडी बघितल्याशिवाय घाटात कोणी पुढे जात नाही, हे मी विसरलो होतो. तो उतरला. त्याच्यामागे झाडून सगळी जीप उतरली. बायासुद्धा. कुणी चाकं दाबून पाहिली, कुणी वाकून पेट्रोल गळतंय का बघितलं. म्हातारबाबांनी डोक्याचं फडकं काढून टाकी पुसली. पुसल्याने चालू होईल असं त्यांना वाटलं असावं.

जीपवाल्याने माझ्या हातातली चावी घेतली, लावली आणि बटण दाबलं. गाडी पहिल्याच दमात चालू झाली.

काय आनंद झाला सगळ्यांना! "व्हई गयी सर, चालू व्हई गयी!" बाया हसल्या. म्हातारबाबांनी माझे दोन्ही हात धरून हलवले. माझ्यासाठी एवढी माणसं एकदम खूश झालेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

भराभर सगळे आत चढले. टोपली पुन्हा फळीवर ठेवली गेली. जीपवाल्याने जाता जाता ओरडून सांगितलं, "आते बंद करू नका, सर. सरळ घर जा."

मी सरळ घरी गेलो.