आमच्या ह्यांचा शेवटचा सामना

आमचे हे किनारपट्टीवरचे नामांकित फलंदाज. असं मी नाही म्हणत, लाऊडस्पीकर म्हणतो. शिरोड्यापासून देवगडपर्यंत टेनिस चेंडूचे सामने कुठेही असोत, हे बॅट घेऊन उतरले की समालोचक घसा फाडून ओरडतो, "इलो रे इलो, आमचो वाघ इलो!" वाघ घरी झुरळाला घाबरतो, हे त्या मेल्याला कोण सांगणार? तीस वर्षांत ह्या वाघाने घरात आणलं काय, तर चार मिक्सर, दोन सायकली आणि ठेवायला जागा नाही इतके कप. सगळ्यात मोठ्या कपात मी सुक्या मासळीतला जवळा भरून ठेवते. झाकण घट्ट बसतं हो त्याचं! पाहुणे आले की हे नेमका तोच कप उघडून दाखवतात.

पण एका माणसाने ह्यांचा खेळ कधीच पाहिला नव्हता. माझ्या सासऱ्यांनी.

त्याचं कारण मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. हे अठरा वर्षांचे होते. त्या दिवशी रापण घातली होती. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं जाळं दोराने ओढायचं. दोरावर प्रत्येकाची जागा ठरलेली, ह्यांची जागा बापाच्या पाठीमागे. सासऱ्यांनी ओढता ओढता वळून पाहिलं, तर मागे कोणी नाही. चिरंजीव तारकर्लीला अंतिम सामना खेळायला पसार. संध्याकाळी नाचत कप घेऊन आले, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "आता त्या कपातसून च्या पी. तुझो खेळ मी जल्मात बघूचंय नाय."

आणि नाहीच बघितला. घराच्या मागच्याच मैदानात सामने असले तर हा माणूस दिवसभर कानाला मफलर गुंडाळून जाळं विणत बसायचा. एप्रिल महिन्यात, मफलर!

हे सगळं हसण्यावारी न्यायचे. पण बॅटिंगला उतरताना आधी लोकांवरून एकदा नजर फिरवायचे, आणि ती नजर मला शोधत नव्हती हे मला चांगलं कळायचं. एकदा तापात पडले होते तेव्हा बोलून गेले, "बापाशीन एकदा तरी बघूक होया होता गो." त्या दिवसापासून मी बॅट माळ्यावर लपवून ठेवायची सोडली.

ह्यांना पन्नाशी लागली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मंडळाने निरोपाचा सामना ठरवला. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. जाणत्या माणसाने देवाला हाक मारून मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारे बुवा नेमके त्या सकाळी तापाने आडवे. वाडीत गाऱ्हाणं येणारा दुसरा माणूस एकच, माझे सासरे. मंडळाचे अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. आता देवाला हाक मारायला नाही कसं म्हणणार? सासऱ्यांनी कुरकुरत पांढरा सदरा चढवला. हे मात्र इतके हरखले की दोन वेळा बुटांच्या नाड्या उलटसुलट बांधल्या.

दोन्ही संघ हात जोडून उभे राहिले. सासऱ्यांनी हात वर केला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हय उतारली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"समोरसून जां काय येयत, तां ह्यांच्या हातात गावां दे. हातात इल्लां सुटाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अगो बाय, हातात सापडू दे, सुटू नको, हे तर होडी पाण्यात लोटतानाचं गाऱ्हाणं! मासे धरायला निघालेल्यांचं! सासऱ्यांना तेवढंच येत होतं. समोरच्या संघाचे खेळाडू तर सगळ्यात मोठ्याने ओरडले.

ह्यांनी पहिलाच चेंडू उचलला. सीमेवर एक ढेरपोट्या उभा होता, ज्याच्या हातात आजवर वडापावशिवाय काही टिकलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, हात पुढे केले, आणि चेंडू हातात.

सासरे अजून खुर्ची नीट करत होते. "काय झाला?"

"आऊट झाले, मामंजी. आता परत यायचं."

"इतक्यात? एवढ्यासाठी हो तीस वर्सां गावभर फिरता?"

मागून कुणीतरी खिदळत सांगितलं, तुमच्या गाऱ्हाण्यानेच झेल सुटला नाही. सासऱ्यांचा चेहरा पडला. काठी टेकत ते थेट मैदानाच्या मधोमध गेले आणि पंचांना म्हणाले, "चूक माझी. त्याका परत खेळां दे." समोरचा कप्तान बिचारा लगेच तयार झाला. पण हे सीमेवरूनच म्हणाले, "नको बाबा. आऊट म्हणजे आऊट." शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भाषणाला उभे राहिले तर हे नारळाकडे बघत "आभारी आसंय" एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, निवृत्तीचं दुःख. कसलं निवृत्तीचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली, तसे सासरे प्लास्टिकची खुर्ची ओढत किनाऱ्यावर गेले आणि तिथून मला हाक मारली, "गो, त्याका बोलव. आणि चेंडू घेवन ये."

चेंडू टाकायला दुसरं कोण होतं? मी पदर खोचला. पहिला चेंडू गेला माडांत. दुसरा बसला ह्यांच्या गुडघ्यावर, तो थोडा मुद्दामच. तिसरा मात्र सरळ पडला, आणि ह्यांनी तो असा भिरकावला की ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पार पलीकडे. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. खरं सांगते, चेंडू आणायला धावून धावून माझा जीव गेला, पण इतका सुंदर खेळ मीही पाहिला नव्हता.

सासरे खुर्चीच्या टोकावर आले होते. "इतको बरो खेळतंस," ते म्हणाले, "माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

तीस वर्षं लाऊडस्पीकर काय सांगत होता मग? उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ह्यांनी बॅट वाळूत टाकली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले आणि बापाच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागले. मलाही दिसेनासं झालं. मी चेंडू घेऊन तशीच उभी राहिले.

सासऱ्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्यावर डोळे वटारले.

"तू कित्याक थांबलंस? तो रडतलो मगे. तू चेंडू टाक गो."