भिंगरीबाई बसली

चर्चच्या मंडळीत तिला सगळे भिंगरीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्यात कौतुकच वाटे. आठवडाभर ती लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करायची आणि रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. बाकं पुसायची, गीतपुस्तकं मांडायची, फुलं पाण्यात ठेवायची आणि उपासना संपली की चहाची किटली घेऊन दारात उभी. उपदेश चालू असताना ती मागच्या खोलीत कप विसळत असे. वचन तिच्या कानावर पडायचं ते नळाच्या धारेतून, तुटक तुटक.

नवरा गेल्यापासून हे असं चाललं होतं. घर खायला उठायचं, म्हणून ती घरी टेकतच नसे. लेक लांबच्या शहरात. फोन आला की लेक म्हणायची, "आई, घाईत आहे गं." ही म्हणायची, "मीपण." आणि दोघी सुटल्यासारख्या फोन ठेवायच्या.

मग गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केली. लॉन्ड्रीच्या मालकानं माणुसकी दाखवून तिला बटणं लावायचं बैठं काम दिलं. चर्चमधली कामं तरुण मंडळींनी वाटून घेतली. "मावशी, पुष्कळ केलंत, आता बसा," म्हणत पाळकसाहेबांनी तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

आपल्याशिवाय यांचं कसं होणार, या काळजीनं पहिल्या रविवारी ती डोळे ताणून बसली होती. सगळं नीट पार पडलं. चहासुद्धा. उलट साखर बेताची होती.

त्या दुपारी घरी येऊन ती चपला न काढताच पलंगावर बसून राहिली. प्रार्थनेला हात जोडले, पण काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं ती देवाच्या घरात राबली होती, घरधन्याशी बोलणं तेवढं राहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी पाय लांब करता यावा म्हणून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिथं एक वयस्क बाई नेहमी एकटी असायची. कप दोन्ही हातांनी धरायची, एवढंच भिंगरीबाईला तिच्याविषयी ठाऊक.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" तिनं विचारलं.

"मुलगा. पण तो आत आहे."

"आत म्हणजे? दवाखान्यात?"

"तुरुंगात. पिऊन गाडी चालवली. एक माणूस गेला." बाईंनी समोर बघतच सांगितलं. "सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, तुम्हालाही असेल. चहा तेवढा तुम्ही न चुकता द्यायचात."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

"भेटायला कुणाबरोबर जाता?"

"कोण येणार?"

"मी येते."

"तुम्हाला वेळ असतो?"

भिंगरीबाईला हसावं की रडावं कळेना. "आता वेळच वेळ आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून भेटीच्या दिवशी दोघी बसनं जाऊ लागल्या. आत फक्त आईला सोडत. ही बाहेरच्या खोलीत बाईंची पिशवी मांडीवर घेऊन थांबायची. सुरुवातीला हात शिवशिवायचे. एकदा तर तिनं तिथली खिडकी पदरानं पुसायला घेतली, तेव्हा पहारेकरी ओरडला, "अहो बाई, बसा की गप!" मग ती बसायला शिकली. येताना बाई कधी पोराविषयी बोलत, कधी अवाक्षरही काढत नसत. तेही तिला चालू लागलं.

थंडीत बाईंचा खोकला छातीत उतरला आणि त्यातच त्या गेल्या. मातीला मोजकीच माणसं होती. मुलाला यायची परवानगी मिळाली नाही.

पाळकसाहेबांच्या ओळखीनं भिंगरीबाईनं त्याला भेटायची मुभा मिळवली. तर आतून निरोप आला, मी या बाईला ओळखत नाही. ती परत फिरली. पुढच्या भेटीला पुन्हा गेली. पुन्हा तेच.

"त्याची इच्छा नसेल तर राहू द्या, मावशी," पाळकसाहेब म्हणाले. "बसून करण्यासारखी कामं आपल्याकडे कितीतरी आहेत."

"कामं आहेत हो साहेब. पण प्रभूनं मला यासाठी ठेवलंय, असं वाटतं."

"आणि तो भेटलाच नाही तर?"

"नाही तर नाही. बाहेर कुणीतरी आलंय, हे तर त्याला कळतं ना."

एके दिवशी तो आला. आईसारखाच खांद्यात वाकलेला. टेबलापलीकडे बसत त्यानं विचारलं, "तुम्ही आईच्या कोण?"

मैत्रीण म्हणायला तिची जीभ रेटेना. "चहा द्यायचे त्यांना. नंतर शेजारी बसायला लागले. तेही उशिराच."

"शेवटी ती काही बोलली? माझ्याबद्दल?"

खोटंच काहीतरी गोड सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. "मी दवाखान्यात पोचले तोवर त्या गेल्या होत्या, बाळा. शेवटचं मला माहीत नाही. पण बसमध्ये तुझाच विषय काढायच्या."

त्यानं मान खाली घातली.

"प्रार्थना करू?"

"नको."

"बरं."

ती गप्प बसली. विसळायला कप नव्हते, मांडायला पुस्तकं नव्हती. समोर एक पोरका माणूस होता आणि त्याच्यासमोर ती होती. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो उठता उठता म्हणाला, "पुन्हा येणार?"

"येणार."

बाहेर पडली तेव्हा बस नुकतीच सुटली होती. थांब्यावर कुणी नव्हतं. आज तो भेटला, हे ज्यांना सांगावं त्या तर मातीत होत्या. तिनं फोन काढून लेकीला लावला, तो उचलला गेला नाही. मग तिनं त्या पोराचं नाव घेऊन, ओठ हलतील न हलतील अशी, प्रार्थना केली. या वेळी शब्द सापडले. थोडेच होते, पण तिचे होते.